एक जागा, सहा रंग: गोव्यात निसर्गचित्र शिकू पाहणाऱ्यांसाठी

गोव्यात नव्याने चित्र काढायला लागलेला माणूस पहिल्या काही महिन्यांत भरपूर फिरतो. एका रविवारी शापोऱ्याचा किल्ला, दुसऱ्या रविवारी फोंताइन्हास, मग मंगेशीची दीपमाळ, मग पाळोळेचा किनारा. वही भरते, पण दहावं चित्र पहिल्याच्या फारसं पुढे गेलेलं नसतं. प्रत्येक ठिकाणी प्रश्न नवे असतात आणि जुन्या प्रश्नाचं उत्तर मिळायच्या आत आपण तिथून उठलेलो असतो.

कलामहाविद्यालयात शिकणाऱ्याच्या मागे शिक्षक उभा असतो. तो म्हणतो, ‘ती भिंत बघ, तू काढलीस त्यापेक्षा बुटकी आहे.’ आपलं आपण शिकणाऱ्याला असं सांगणारं कोणी नसतं. मी डिचोलीची. चित्रकला शिकले ती शेतांच्या बांधांवर, फेरीच्या धक्क्यांवर आणि देवळांच्या तळ्यांकाठी बसून. माझा अनुभव असा, की चूक दाखवायचं काम जागा स्वतःच करते. फक्त तिच्याकडे परत परत जावं लागतं. खालचा सगळा क्रम याच विश्वासावर उभा आहे. तो जलरंग धरून लिहिला आहे. नुसतं पेन किंवा पेन्सिल वापरणार असाल तर रंगमिश्रणाचा भाग सोडून बाकीचं तसंच लागू पडेल.

१. जागा ठरवा

घरून चालत किंवा स्कूटरने पाव तासात पोहोचाल अशी एकच जागा निवडा. लांबची जागा कितीही देखणी असली तरी तिथे वर्षातून दोनदाच जाणं होतं. जागेत तीन गोष्टी असाव्यात: काहीतरी सपाट (शेत, पाणी, मैदान), काहीतरी उभं (माड, भिंत, दीपमाळ) आणि काहीतरी लांबचं (डोंगराची कड, पलीकडचा काठ). एवढ्यावर वर्षभर काम चालतं.

बसायला सावली हवी आणि ती कागदावरही पडायला हवी. उन्हात धरलेल्या पांढऱ्या कागदाने डोळे दिपतात, आपलेच रंग फिके वाटतात, आपण ते गडद करत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं.

तिसवाडीत राहत असाल तर दिवाडी किंवा चोडणची खाजनं (नदीकाठची, बांध घातलेली शेतं), रायबंदरच्या रस्त्यालगतची मिठागरं. डिचोलीकडे मयेचं तळं आणि नार्वेचं सप्तकोटेश्वर देऊळ, ज्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला. पोफळींच्या हिरव्या दरीत ते देऊळ बसलेलं आहे. फोंड्याकडे बांदोड्याच्या नागेशीची तळी: स्थिर पाणी, दगडी पायऱ्या आणि प्रतिबिंब, तिन्ही एका नजरेत. सत्तरीत एखादं कुळागर (माडा-पोफळींची बाग) किंवा व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, काठ. फोंताइन्हासची रंगीत घरं सगळ्यांनाच खुणावतात, पण ती लोकांची राहती घरं आहेत आणि तिथले रहिवासी फोटोवाल्यांच्या गर्दीला कंटाळलेले आहेत. कुणाच्या दारासमोर बसायचं असेल तर आधी विचारा, काढलेलं चित्र दाखवा, उठताना ‘देव बरें करूं’ म्हणा. चित्र काढणाऱ्याचं गोव्यात मनापासून स्वागत होतं. ते पुढच्या माणसासाठीही टिकलं पाहिजे.

२. सामान कमी ठेवा

एचबी, टूबी आणि फोरबी पेन्सिली. सरावासाठी २०० जीएसएमचा कागद चालतो (हा आकडा जितका मोठा तितका कागद जाड), पण भरपूर पाण्याने काम करायचं तेव्हा ३०० जीएसएमचाच घ्या, नाहीतर कागद फुगून रंग खळग्यात साचतात. आकार पोस्टकार्डाच्या दुप्पट, त्याहून मोठा नको. ब्रश तीन: आठ किंवा दहा नंबरचा गोल, एक इंची चपटा आणि माडाच्या शिरा ओढण्यासाठी लांब केसांचा एक बारीक. पाण्याच्या दोन बाटल्या, जुनं सुती फडकं, कागदाच्या पाठीला कडक पुठ्ठा.

रंग सहा पुरतात: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, एक किरमिजी, अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू. १९३१ साली दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅम्लिनच्या ट्यूबा गोव्यात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात आणि शिकायला उत्तम आहेत. किरमिजी घेताना मात्र ट्यूबेवरची टिकाऊपणाची खूण वाचा. स्वस्त किरमिजी रंग उजेडात उडतात, आणि आपल्याकडे उजेड प्रखर आहे. काळा रंग घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो काळपट राखाडी मिळतो त्यात जीव असतो. एक थेंब इकडचा-तिकडचा करून तो उबदार किंवा थंड करता येतो.

३. पहिल्या फेरीत फक्त बघा

ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते हीच सर्वांत मोलाची आहे. जागा कशी चालते हे कळलं की ती काढणं अर्ध्याने सोपं होतं.

खाजनाचंच घ्या. भरतीच्या पाण्याखाली जाणारी नदीकाठची जमीन पूर्वजांनी बांध घालून शेतीखाली आणली, तिला आपण खाजन म्हणतो. बांध चिखलाचा, बाहेरून कित्येक ठिकाणी जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा, आणि त्याच्या नदीकडच्या अंगाला लाटांचा मारा झेलणारी खारफुटी. बांधात मानस, म्हणजे पाण्याची ये-जा सांभाळणारी दारं, असते. भरती चढू लागली की पाण्याच्या दाबाने मानशीची लाकडी दारं मिटतात. ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. शेत भरतीच्या पातळीच्या खाली असतं.

आता हे चित्रात कुठे येतं? भरतीच्या वेळी बांधावर उभे राहा. एका बाजूला नदीचं पाणी वर आलेलं, दुसऱ्या बाजूला शेतातलं पाणी बरंच खाली. दोन पातळ्या, मध्ये बांधाची जाड रेघ. नदीचं पाणी हलतं, म्हणून त्यात आभाळाचे तुकडे पडतात. आतलं पाणी स्थिर, म्हणून त्यात आभाळ अखंड दिसतं. ज्याला हे ठाऊक नाही तो दोन्ही पाणी एकाच पातळीवर, एकाच रंगाने भरतो, आणि चित्रात काहीतरी चुकलंय एवढंच बघणाऱ्याला जाणवतं. तेच मिठागरांचं. पाणी एका कोंडातून पुढच्या कोंडात जाताना आटत जातं, त्यामुळे शेजारशेजारच्या चौकोनांचे रंग वेगळे असतात. कुठल्या चौकोनात मीठ धरायला लागलंय हे कळलं की कुठे कोरा कागद सोडायचा हेही कळतं.

घरांचंही असंच आहे. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. छपराला तीव्र उतार, पुढे आलेली वळचण, उंच जोतं, हे सारं त्या पावसाने ठरवलं आहे. वळचण पुढे आलेली असते म्हणून भिंतीच्या वरच्या भागावर दुपारी रुंद सावलीचा पट्टा पडतो. घर खरं वाटायला तो पट्टा लागतो, मग खिडक्या थोड्या इकडेतिकडे झाल्या तरी फरक पडत नाही.

पहिल्या फेरीत वहीत शब्दच लिहा: ऊन कुठून येतं, पाणी कुठून कुठे जातं, सर्वांत काळी गोष्ट कोणती, सर्वांत उजळ कोणती.

४. चौकट आणि छोटे आराखडे

जुनी लग्नपत्रिका घ्या, तिच्यात चार बाय तीन इंचांची खिडकी कापा आणि उभे-आडवे दोन-दोन दोरे चिकटवून नऊ घरं करा. ही चौकट डोळ्यांसमोर धरून जागा फिरवून बघा. व्हिन्सेंट व्हॅन गॉग बहुतांशी आपलं आपण शिकला. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १८८० मध्ये, त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं. १८८२ साली द हेगला असताना त्याने अशीच दोऱ्यांची मोठी चौकट करून घेतली होती आणि ती समुद्रकाठी वाळूत रोवून तो चित्रं काढी. स्वशिक्षितांसाठी याहून चांगलं साधन मला माहीत नाही. माड कुठल्या घरात सुरू होतो, कुठल्या घरात संपतो, हे दोरे स्पष्ट दाखवतात.

क्षितिजरेषा आधी ठरवा. ती नेहमी तुमच्या डोळ्यांच्या उंचीला असते. बांधावर उभे राहिलात की शेत पसरट दिसतं. शेतात बसलात की तेच शेत चिंचोळी पट्टी होतं आणि माड आभाळात घुसतात. सपाट जमिनीवर, तुमच्याच उंचीची माणसं जवळ असोत की लांब, तुम्ही उभे असाल तर त्या सर्वांचे डोळे क्षितिजरेषेवर येतात. एवढं लक्षात ठेवलं तरी शेतात लावणी करणारी माणसं हवेत तरंगत नाहीत. ती वाकलेली असली तर त्या रेषेखाली उतरतात, इतकंच.

मग काडेपेटीएवढे तीन-चार आराखडे काढा. तपशील नको, फक्त मोठे आकार. यातला एक निवडून मोठ्या कागदावर घ्या. मापं घ्यायला पेन्सिल सरळ हाताने, कोपर न वाकवता धरा आणि एक डोळा मिटा. कोपर वाकलं की माप बदलतं.

५. आधी छटा

डोळे किलकिले करा. तपशील पुसले जातात आणि उजेड-अंधाराचे चार-पाच मोठे ठिपके उरतात. छटा म्हणजे हेच: कुठला भाग किती उजळ, किती गडद. ते फोरबी पेन्सिलीने भरा: कोरा कागद, फिका, मध्यम, गडद, काळा. पहिला महिनाभर रंगाला हात न लावता हेच करा असं मी कळकळीने सांगेन. रंग चुकला आणि छटा बरोबर असली तर चित्र उभं राहतं; छटा चुकली तर कुठलाही रंग त्याला वाचवत नाही.

तपासायचं कसं? काम संपल्यावर, आधी नव्हे, त्याच जागेचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. आपल्या चित्राचाही तसाच काढा. दोन्ही शेजारी ठेवले की कुठली सावली फिकी राहिली ते लगेच दिसतं. फोटो सावल्या खऱ्यापेक्षा काळ्या दाखवतो, हे मात्र धरून चाला.

गोव्याचा उजेड ऋतूप्रमाणे खूप बदलतो. आपण सुमारे १५ अंश उत्तर अक्षांशावर आहोत; एप्रिलच्या अखेरीस आणि मेच्या आरंभी दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. सावल्या पायाखाली गोळा होतात आणि आकारांना बाजूच उरत नाही. त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत काम संपवा. डिसेंबरात उलट: भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून जेमतेम ५१ अंशांवर. दिवसभर तिरपं ऊन मिळतं. शिकायला सुरुवात करायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने. तरीही सूर्य तासाला १५ अंश सरकतो, तेव्हा बसल्या बसल्या आधी सावल्यांच्या कडा आखून घ्या. नंतर त्या कितीही हलल्या तरी बदलू नका.

६. रेघ

चिव्याच्या, म्हणजे बांबूच्या, बारीक काठीला तिरका काप देऊन बोरू करा आणि काळ्या ड्रॉइंग इंकमध्ये बुडवून काढून बघा. शाई संपत आली की रेघ खरखरीत, तुटक होते. माडाच्या पात्यांना, चिऱ्याच्या खडबडीत अंगाला, वाळलेल्या गवताला ती तुटकी रेघ जशी शोभते तशी पेनाची एकसारखी रेघ शोभत नाही. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्लमध्ये अशाच लेखणीने शेतं काढली: गवताला आखूड उभे फटकारे, नांगरटीला लांब ओळी, आभाळाला ठिपके. प्रत्येक पृष्ठभागाला स्वतःची खूण. आपल्या जागेसाठी आपल्या खुणा शोधा. भाताला कोणती, खारफुटीला कोणती, कौलांना कोणती, हे वहीच्या एका पानावर करून बघा.

घरं काढणाऱ्यांनी लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची रेखाटनं डोळ्यांखालून घालावीत. चित्रकलेचं रीतसर शिक्षण न घेतलेला हा माणूस लहानपणापासून चित्रांच्या रोजनिशी लिहीत होता, आणि गोव्याचं बलकांव (दारापुढचा बसायचा ओटा), जाळीदार कठडे, कौलारू छपरं, झाडांची गर्दी त्याने केवळ रेघेच्या विणीतून उभी केली. त्यांची माणसं सगळ्यांना आठवतात. मी तुम्हाला त्यांच्या भिंती आणि झाडं बघायला सांगेन. कौलांबद्दल एक सूचना: सगळी कौलं काढू नका. उन्हाच्या बाजूची आठ-दहा, वळचणीची कड आणि एखादं निसटलेलं कौल. बाकीची बघणाऱ्याचा डोळा भरून घेतो.

७. रंग: लाल, हिरवा, पांढरा

आपल्या जांभ्यात लोहाची ऑक्साइडं भरपूर असतात. यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना हे मुळात लोहयुक्त मातीचेच रंग. त्यामुळे गोव्याची जमीन रंगवायला या दोन ट्यूबांइतकं जवळचं दुसरं काही नाही. ताजा कापलेला चिरा पिवळा-तांबडा, ठिपक्यांचा असतो: आधी ऑकरचा फिका हात, तो ओला असतानाच बर्न्ट सिएना सोडा आणि त्यांना आपापसात मिसळू द्या. भिजलेला चिरा जांभळट होतो, थोडं किरमिजी आणि अल्ट्रामरीन घाला. दोन-तीन पावसाळे खाल्लेल्या गडग्यावर शेवाळाचा काळा थर चढतो. तो वरून खाली ओघळत येतो, म्हणून ब्रशही वरून खालीच ओढा.

हिरव्यावर नवखे अडखळतात. जुलैत सगळंच हिरवं असतं आणि ट्यूबेतला एकच हिरवा सगळीकडे फासला की चित्र सपाट होतं. हिरवा विकतच घेऊ नका. तरव्याचा (भाताच्या रोपांचा) कोवळा हिरवा लेमन यलोत प्रशियनचं टोक बुडवून मिळतो. माडाचा हिरवा ऑकर आणि अल्ट्रामरीनचा, किंचित तपकिरी. आंब्या-फणसाच्या दाट सावलीला प्रशियन आणि बर्न्ट सिएना. खारफुटी ऑलिव्ह वळणाची, तिच्यात ऑकर जास्त. लांबच्या सह्याद्रीत हिरवा जवळजवळ उरतच नाही. अल्ट्रामरीनमध्ये किरमिजीची छटा, भरपूर पाणी. आपल्या जागेतले पाच हिरवे मिसळून एका पट्टीवर काढा, ती पट्टी जागेवर नेऊन खऱ्या पानांशेजारी धरा. झाड लगेच सांगतं की पिवळा कमी पडला.

पांढरा म्हणजे कोरा कागद. चर्चची दर्शनी भिंत, चुन्याने रंगवलेली दीपमाळ, खुरीस (क्रूस), यांचा उजेडातला भाग पहिल्यापासून राखून ठेवावा लागतो. सावलीतला पांढरा अल्ट्रामरीन आणि थोड्या बर्न्ट सिएनाच्या पातळ राखाडीने करा. आणि मग एक गोष्ट नीट बघा: लाल मातीच्या अंगणात उभ्या पांढऱ्या भिंतीच्या सावलीचा खालचा भाग गुलाबी-नारिंगी असतो. जमिनीवरचं ऊन उसळून भिंतीवर येतं. ही छटा ज्या दिवशी तुम्हाला आपणहून दिसेल त्या दिवशी गोव्याचा उजेड तुमच्या चित्रात यायला सुरुवात झाली असं समजा.

८. माड

माडाच्या झावळ्या एकेक करून, पात्यांसकट काढायला जाल तर झाड पिसांच्या झाडूसारखं दिसेल. क्रम असा धरा. आधी खोडाची एकच लांब वळणदार रेघ, मुळाशी थोडी फुगलेली. मग झावळ्यांच्या कमानी: वरच्या उभ्या, मधल्या आडव्या, खालच्या लोंबणाऱ्या. शेंडा सगळ्या दिशांना पसरतो, म्हणून काही झावळ्या तुमच्याकडे रोखलेल्या असतात आणि त्या आखूड दिसतात. त्या टाळू नका, त्यांच्यामुळेच झाडाला गोलाई येते. नंतर सावलीतल्या झावळ्या एकत्र, एकाच गडद आकारात भरा. शेवटी कडेला थोडी पाती, बारीक ब्रशने, शिरेपासून बाहेर आणि खाली. वारा कोणत्या बाजूने आहे ते ठरवा आणि सगळ्या झाडांना तोच वारा द्या. ऊन मागून असेल तर पातळ पाती पिवळी पेटतात. तिथे लेमन यलोचा स्वच्छ हात आधीच देऊन ठेवा.

पोफळीचं खोड सरळ, सडपातळ, शेंडा छोटा. कुळागरात माड आणि पोफळ शेजारी असतात. दोघांत फरक दिसला पाहिजे.

९. पाणी

प्रतिबिंब वस्तूच्या थेट खाली पडतं. उजवीकडे झुकलेला माड पाण्यातही उजवीकडेच झुकतो. उजळ गोष्टींचं प्रतिबिंब किंचित गडद आणि गडद गोष्टींचं किंचित फिकं. हात वरून खाली फिरवा, कागद ओला असतानाच चपट्या कोरड्या ब्रशने एक-दोन आडव्या पुसट रेघा ओढा, आणि थांबा. पाण्यावर जास्त काम केलं की ते जमिनीसारखं दिसतं.

मांडवी, जुवारीच्या काठी बसणार असाल तर भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहून निघा. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास लागतात आणि दुसऱ्या दिवशी तीच वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. काल सकाळी खारफुटीची मुळं दिसत होती म्हणून आठवडाभराने त्याच वेळी गेलात तर तिथे नुसतं पाणी असेल. काठाची रेघ सर्वांत आधी आखा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, पाणी लवकर आणि जास्त चढतं. सामान बांधाच्या वरच्या बाजूला ठेवा.

१०. मागच्या बाजूची नोंद

इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडला ढगांचे अनेक अभ्यास केले आणि त्यांच्या मागे तारीख, वेळ, वारा, हवामान लिहून ठेवलं. शिक्षक नसलेल्याने ही सवय उचलावीच. प्रत्येक चित्रामागे लिहा: तारीख, वेळ, तोंड कुठल्या दिशेला होतं, भरती की ओहोटी, आभाळ कसं होतं, कोणते रंग मिसळले आणि काय जमलं नाही. पुढच्या खेपेला घरून निघताना मागचं चित्र बरोबर घ्या. जागेवर बसून आधी ते समोर धरा, डोळ्यांनी तपासा, जी एक गोष्ट सर्वांत चुकलेली दिसते तेवढीच आज दुरुस्त करायची असं ठरवा. डोंगराची कड फार उंच गेली असेल तर आज फक्त कड. अशा एकेका दुरुस्तीतून हात तयार होतो. घरी चित्र आरशात धरूनही बघा. उलटं दिसलं की कललेली भिंत आणि वाकडी दीपमाळ लपत नाही.

११. पावसाळा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत काम बंद ठेवणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही, कारण आपला मुलूख याच महिन्यांत सर्वांत जास्त रंग बदलतो. बसायला बलकांव, देवळाचा सभामंडप, फेरीच्या धक्क्यावरची शेड, शाळेचा व्हरांडा. हवा दमट असल्याने जलरंग सुकायला फार वेळ लागतो. त्याच्याशी झगडण्यापेक्षा त्याचा उपयोग करा. डोंगरावरून उतरणारं धुकं काढायला ओल्यात ओला रंग सोडण्याची रीत पावसाळ्यात आपोआप साधते. कड हवी तिथे मात्र ब्रशवरचं पाणी फडक्याने टिपून घ्या. ज्या दिवशी काहीच सुकत नाही त्या दिवशी शाई आणि पेन्सिल. ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यांवर (जांभ्याच्या पठारांवर) सीतेची आसवं, गेंद, तेरडा फुलतो; जांभ्याच्या काळ्या खडकावर जांभळे-पांढरे ठिपके. त्या खडकावर बूट रोवून फिरू नका, मातीचा थर बोटभरही नसतो.

कागदाला पावसाळ्यात बुरशी धरते, आणि त्याच्यावरचा चिकटाचा लेप खराब झाला की रंग टीपकागदावर पडावा तसा डाग होऊन पसरतो. कोरे कागद आणि झालेली चित्रं झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या महिन्याभराने बदला. भिंतीला टेकून काही ठेवू नका.

१२. आपल्या मातीचा रंग

हे सक्तीचं नाही, पण करून बघाच. पेडण्यापासून कारवारपर्यंतच्या देवळांच्या आणि जुन्या घरांच्या भिंतींवर कावीची कला आहे: चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर आणि तो ओला असताना खरवडून खालून काढलेली पांढरी नक्षी. तीच तांबडी माती आपल्या पॅलेटमध्ये येऊ शकते.

चिरा फोडलेल्या जागेखाली पडलेली बारीक भुकटी घ्या. खाजनातली माती नको, तिच्यात मीठ असतं आणि ते सुकल्यावर पांढरं वर येतं. भुकटी बादलीभर पाण्यात ढवळा, अर्धा मिनिट थांबा. जड वाळू खाली बसते. वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचं स्वच्छ पाणी टाकून द्या, तळाचा गाळ उन्हात वाळवा. वाळलेली भुकटी खलताना नाकाला फडकं बांधा. बाभळीचा डिंक एक भाग, गरम पाणी दोन भाग. रात्रभर भिजवून गाळा, त्यात थोडा मध आणि लवंगेच्या तेलाचा एक थेंब. काचेवर भुकटी आणि हे पाणी घेऊन सपाट बुडाच्या काचेने गोल गोल घोटा, खरखर ऐकू येईनाशी होईपर्यंत. स्वयंपाकाचा पाटा वापरू नका. कागदावर लावून सुकल्यावर बोट फिरवा: रंग बोटाला लागला तर डिंक कमी, चकाकून तडा गेला तर डिंक जास्त. शिंपल्यात भरून सुकवला की झाली वडी. लोहाचा रंग उजेडात उडत नाही, आणि दोन गावांच्या मातीत किती फरक आहे ते वडी करून पाहिल्यावरच कळतं.

१३. मूळ चित्रं बघा

मोबाइलवर चित्र पाहून कागदाचा पोत, रंगाची जाडी, चित्राचा खरा आकार कळत नाही. पणजीत फोंताइन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०-१९३५) यांच्या चित्रांचा संग्रह आहे. पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये सांत इस्तेव्हच्या आंजेलो द फोन्सेकांची (१९०२-१९६७) चित्रं आहेत; ते शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकले, आणि पातळ रंगाचे थर एकावर एक कसे चढवायचे हे त्यांच्या कामात डोळ्यांनी वाचता येतं. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा. चित्रासमोर आधी लांब उभे राहून छटांचे मोठे ठिपके बघा, मग जवळ जाऊन एकाच हातभर भागाकडे थांबा: इथे किती थर आहेत, कोरा कागद कुठे सोडलाय, कड कुठे धारदार आणि कुठे विरलेली. वहीत तेवढ्याच भागाची पेन्सिलीने नक्कल करा. दुसऱ्या दिवशी आपल्या जागेवर जाऊन त्यातली एक युक्ती वापरून बघा, आणि ती जमली की नाही ते चित्राच्या मागे लिहा.